दोष आकाशाचा की केबलचा? गच्चीवरील जीपीएस यंत्राच्या हरवलेल्या संकेतांचा शोध

मोबाइलवर नकाशा दाखवणारी जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह-प्रणाली आज सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ती मूलतः वेळ सांगणारी व्यवस्था आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या या प्रणालीच्या प्रत्येक उपग्रहात आण्विक घड्याळे असतात. उपग्रह आपली वेळ व आपले स्थान सतत प्रक्षेपित करतो. तो संकेत साधारणतः सेकंदाच्या पंधराव्या भागात आपल्यापर्यंत येऊन पोहोचतो. किमान चार उपग्रहांचे संकेत एकाच वेळी हाती आले, की आपले स्थान आणि अचूक वेळ या दोन्ही गोष्टी गणिताने काढता येतात.

आमच्या विज्ञान विभागाने वसतिगृहाच्या गच्चीवर अशा एका यंत्राचा अँटेना बसविला आहे. रिसीव्हर खाली प्रयोगशाळेत असून दोहोंना जोडणारी केबल जिन्यालगतच्या भिंतीवरून उतरते. पहाटेच्या वंदनेपासून रात्रीच्या दिवेबंदीपर्यंतच्या घंटा ज्या घड्याळावर चालतात, त्याला वेळ या यंत्राकडून मिळते. त्याचे दुसरे काम आम्हांला अधिक मोलाचे वाटते. वरच्या वर्गांतील विद्यार्थी रोज प्रत्येक उपग्रहाच्या संकेताची तीव्रता नोंदवहीत उतरवून घेतात. संकेताला वाटेत आयनांबर ओलांडावे लागते. तेथील घडामोडींचा ठसा संकेतावर उमटतो, आणि तो वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

अशा नोंदवहीत एखाद्या दिवशी ‘संकेत नाही’ असा शेरा येतो, तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. तो शेरा आकाशाविषयी काही सांगतो, की गच्चीवरच्या ओल्या केबलविषयी? हा निवाडा करता आला नाही, तर वर्षभराच्या नोंदींतून काढलेला कोणताही निष्कर्ष विश्वासार्ह राहत नाही. म्हणून संकेत हरवल्यास शोध कसा घ्यावा, हे येथे क्रमाने मांडण्याचा आमचा विचार आहे. ज्या शाळांत असे यंत्र आहे वा पुढे बसवले जाईल, तेथील विद्यार्थ्यांनाही याचा उपयोग व्हावा.

संकेताचे दुबळेपण

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की हा संकेत विलक्षण क्षीण असतो. एका वॉटचे शंभर कोटी-कोटी भाग केले, तर त्यांतील एकदोन भागांइतकीच शक्ती जमिनीवर पोहोचते. विद्युत उपकरणांत नैसर्गिकरीत्या असणाऱ्या गोंगाटाच्याही खाली हा संकेत दडलेला असतो. त्याची ठरावीक सांकेतिक रचना ठाऊक असल्यामुळेच रिसीव्हर तो वेचून काढू शकतो. त्यासाठी अँटेनाच्या पोटातच एक लहानसा प्रवर्धक बसवलेला असतो. त्याला लागणारी वीज, बहुधा ३.३ किंवा ५ व्होल्ट, रिसीव्हरकडून त्याच केबलमधून वर जाते. म्हणजे एकाच केबलमधून वीज वर चढते आणि संकेत खाली उतरतो. ही दुहेरी वाहतूक लक्षात ठेवली, तर पुढील बहुतेक दोषांचा उलगडा सोपा होतो.

रिसीव्हरला जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक उपग्रहासमोर एक आकडा दिसतो. तो गोंगाटाच्या तुलनेत संकेत किती वर आहे हे सांगतो आणि डेसिबल-हर्ट्झ या एककात मोजला जातो. मोकळ्या आकाशात डोक्यावरच्या उपग्रहासाठी तो ४० ते ५० च्या दरम्यान असावा. तो ३० च्या खाली गेला, की रिसीव्हरची ओढाताण सुरू होते. डेसिबलचा हिशेब सोपा आहे: आकडा ३ ने उतरला की शक्ती निम्मी, १० ने उतरला की दहावा हिस्सा.

आणखी एक गोष्ट सावधगिरीची आहे. संकेत गेला म्हणून घड्याळ थांबत नाही. रिसीव्हरमधील स्फटिकावर ते चालतच राहते, मात्र हळूहळू ढळू लागते. स्फटिकाची चूक दहा लाखांत एक भाग असेल, तर दिवसाला सेकंदाचा सुमारे बारावा भाग. साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत वीस भाग असेल, तर दिवसाला पावणेदोन सेकंद. घंटेच्या दृष्टीने हे नगण्य असले, तरी वेधाच्या दृष्टीने नाही. चालू घड्याळ हा संकेत मिळत असल्याचा पुरावा नव्हे. पडद्यावरची उपग्रहांची संख्या पाहणे हाच खरा पुरावा होय.

पहिला प्रश्न : कोणाचा संकेत गेला?

स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी नोंदवही उघडावी व तिला दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न असा की संकेत एकदोन उपग्रहांचा गेला की सर्वांचा?

सर्वच उपग्रह एकदम क्षीण झाले असतील, तर ज्या वाटेने सर्वांचे संकेत एकत्र येतात त्या वाटेवर दोष आहे. ती वाट म्हणजे अँटेना, जोड, केबल, वीज आणि रिसीव्हर. जवळपासच्या एखाद्या उपकरणाचा उपद्रव असेल, तरीही हेच लक्षण दिसते. याउलट काहीच उपग्रह मंदावले आणि बाकीचे ठणठणीत असतील, तर केबल बहुधा निर्दोष आहे. अडथळा आकाशाच्या त्या विशिष्ट भागात आहे.

या निवाड्यासाठी आपल्याकडे एक उत्तम साक्षीदार आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली ‘गगन’ ही प्रणाली भूस्थिर उपग्रहांवरून जीपीएसच्याच, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या कंप्रतेवर संकेत पाठवते. पडद्यावर हे उपग्रह १२७, १२८ अशा क्रमांकांनी दिसतात; काही यंत्रांवर तेच ४० व ४१ म्हणून दाखवले जातात. जीपीएसचे उपग्रह उगवतात, मावळतात; त्यांचे आकडे दिवसभर चढत-उतरत असतात. भूस्थिर उपग्रह मात्र आकाशात एकाच जागी असतो, त्यामुळे त्याचा आकडा सकाळ-संध्याकाळ जवळपास सारखा राहिला पाहिजे. बाकीच्यांबरोबर तोही खाली आला, तर संशय आकाशावरून काढून केबलवर घ्यावा.

दुसरा प्रश्न : केव्हा गेला?

दुसरा प्रश्न वेळेचा. प्रत्येक दोषाचे स्वतःचे वेळापत्रक असते. आठवडाभराच्या नोंदी शेजारी-शेजारी मांडल्या, की ते डोळ्यांसमोर येते.

जीपीएसचा उपग्रह २३ तास ५६ मिनिटांत पृथ्वीभोवती दोन फेऱ्या करतो. आपला दिवस २४ तासांचा. म्हणून तोच उपग्रह आकाशातल्या त्याच जागी रोज सुमारे ४ मिनिटे आधी येतो. संकेत आज सायंकाळी ७ वाजता तुटला, उद्या ६ वाजून ५६ मिनिटांनी आणि परवा ६ वाजून ५२ मिनिटांनी, असे आढळले, तर अडथळा स्थिर आहे: पाण्याची टाकी, जिन्याची खोली, सौर पाणीतापक किंवा वाढलेला कडुनिंब. असा अडथळा महिन्याला दोन तासांनी आपली वेळ अलीकडे सरकवतो.

येथे अँटेनाच्या जागेविषयी एक उपयुक्त गोष्ट सांगितली पाहिजे. जीपीएसच्या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात. ते त्याहून उत्तरेच्या अक्षांशावर कधीच जात नाहीत. परिणामी महाराष्ट्रातून पाहताना थेट उत्तरेकडे, क्षितिजापासून जवळजवळ अर्ध्या आकाशापर्यंत, जीपीएसचा उपग्रह दिसत नाही. गच्चीवरील टाकी हलवता येत नसेल, तर अँटेना तिच्या दक्षिणेला बसवावा. टाकी उत्तरेला आली, की तिचा उपद्रव सर्वांत कमी होतो.

सूर्यास्तानंतर साधारण मध्यरात्रीपर्यंत काही उपग्रहांचे आकडे थरथरत असतील, क्षणात वर तर क्षणात खाली जात असतील, आणि ही वेळ रोज ४ मिनिटांनी न सरकता संध्याकाळलाच चिकटून राहत असेल, तर ते आयनांबराचे काम असण्याचा संभव आहे. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारताच्या टोकाजवळून जाते. त्याच्या परिसरात सूर्यास्तानंतर आयनांबरात विरळ द्रव्याचे मोठमोठे ‘बुडबुडे’ उठतात व संकेताला विचलित करतात. संपाताच्या आसपासच्या महिन्यांत, म्हणजे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तसेच सूर्यावरील डागांची संख्या अधिक असलेल्या वर्षांत हे जास्त घडते. आमच्या विद्यार्थ्यांना नेमके हेच टिपायचे असते.

भर दुपारी गच्ची तापल्यावर सर्वांचे संकेत जावेत आणि ऊन उतरल्यावर परतावेत, तर अँटेनातील वा जोडातील एखादा टाका उष्णतेने सुटत असतो. माणसांच्या दिनक्रमाशी जुळणारा लोप असेल, म्हणजे सभागृहातील दूरदर्शन संच किंवा एखादा दिवा सुरू केल्यावरच संकेत जात असेल, तर उपद्रवी उपकरण शोधावे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग या बंदरात २००१ साली जीपीएस निकामी झाले होते. शोधाअंती दोष निघाला तो नौकांवर बसवलेल्या दूरदर्शनच्या अँटेनांतील प्रवर्धकांचा. अशा वेळी एकेक उपकरण बंद करून आकडे पाहणे हाच मार्ग आहे.

राहिला पाऊस. डिश अँटेनावरील दूरदर्शनचे चित्र जोरदार पावसात जाते हे आपण सर्वांनी अनुभवले आहे, त्यामुळे जीपीएसचा संकेतही पावसाने जात असावा असा समज सहज होतो. तो खरा नाही. डिशवर येणाऱ्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. त्यांना पावसाचे थेंब अडवतात. जीपीएसची लहर सुमारे १९ सेंटिमीटर लांबीची आहे. तिला पाऊस जवळजवळ जाणवतही नाही. म्हणून पावसात जीपीएसचा संकेत गेला, आणि विशेषतः पाऊस थांबल्यावरही दोनतीन दिवस परतला नाही, तर पाणी जोडात किंवा केबलमध्ये शिरले आहे असे समजावे.

तपासणीचा क्रम

या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर प्रत्यक्ष तपासणी करावी. ती खालून वर करावी. कारण प्रयोगशाळेत बसून जे कळते, त्यासाठी गच्चीवर चढण्याचे प्रयोजन नाही.

प्रथम पडद्यावरील तारीख पाहावी. संकेत उत्तम असूनही तारीख सुमारे साडेएकोणीस वर्षे मागची दिसत असेल, तर तो अँटेनाचा दोष नव्हे. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्यांची मोजणी १०२४ पर्यंतच होते व पुन्हा शून्यापासून सुरू होते. असे ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये घडले. जुन्या रिसीव्हरच्या आज्ञावलीत याची तरतूद नसेल, तर तो आजही जुनी तारीख दाखवतो.

त्यानंतर वीज. अनेक रिसीव्हर अँटेनाची स्थिती स्वतःच सांगतात: ठीक, तुटलेली जोडणी किंवा शॉर्ट सर्किट. तशी सोय नसल्यास केबलचे गच्चीवरील टोक अँटेनापासून सोडवून, मधली तार व बाहेरची जाळी यांच्यामध्ये मल्टिमीटरने विद्युतदाब मोजावा. केबल जोडताना अथवा काढताना रिसीव्हर बंद ठेवावा आणि मोजण्यापुरताच सुरू करावा. मोजताना मीटरच्या दोन टोकांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नये. खाली ५ व्होल्ट आणि वर शून्य, असे आढळल्यास केबल किंवा जोड तुटला आहे, अथवा मध्ये बसवलेले एखादे साधन, जसे विभाजक किंवा वीजरक्षक, वीज अडवत आहे. वर व्होल्ट नीट आले, तरी केबल निर्दोष ठरत नाही, हे मात्र विसरू नये. ओल्या केबलमधून वीज सुखाने वर जाते. खाली येणारा दुर्बळ संकेत मात्र वाटेतच विरतो.

मग केबल. आरजी-५८ या बारीक केबलमध्ये या कंप्रतेला प्रत्येक मीटरमागे सुमारे ०.७ डेसिबल संकेत खर्ची पडतो. वीस मीटरमध्ये १४ डेसिबल, म्हणजे शक्ती पंचविसाव्या हिश्श्यावर येते. दूरदर्शनसाठी वापरली जाणारी आरजी-६ केबल या बाबतीत बरी. तिच्यात वीस मीटरला सुमारे ६ डेसिबल जातात. तिचा विद्युत-अवरोध ५० ऐवजी ७५ ओहम असतो, परंतु त्यामुळे होणारे नुकसान अल्प आहे. लांब केबलच्या शाळांना हा पर्याय परवडणारा आहे.

केबलवरील संशय पक्का करण्याचा निर्णायक उपाय म्हणजे अदलाबदल. रिसीव्हरच गच्चीवर न्यावा व हातभर लांबीच्या चांगल्या केबलने अँटेनाला जोडावा. आकडे सुधारले, तर दोष लांब केबलमध्ये. न सुधारल्यास अँटेनात वा रिसीव्हरमध्ये. दुसरा अँटेना लावून पाहिल्यास उरलेला संशयही फिटतो. यात दोन नियम काटेकोरपणे पाळावेत. एका वेळी एकच वस्तू बदलावी. आणि प्रत्येक बदलानंतर पंधरा मिनिटे थांबावे. उपग्रहांच्या कक्षांची संपूर्ण सूची संकेतातून उतरण्यास साडेबारा मिनिटे लागतात, त्यामुळे दीर्घ काळ बंद असलेल्या यंत्राबद्दल पाच मिनिटांत मत बनवणे अन्यायाचे ठरते.

एका पावसाळ्यात आमच्या नोंदवहीत सर्व उपग्रहांचे आकडे दोन दिवसांत ४४-४५ वरून ३० च्या खाली आले, आणि ‘गगन’चा आकडाही त्यांच्यासोबत घसरला. पाऊस उघडल्यानंतरही ते परतले नाहीत. नवा रिसीव्हर घ्यावा असे सुचवले गेले. त्या खर्चात ग्रंथालयाची कितीतरी पुस्तके आली असती. विद्यार्थ्यांनी आधी वरील क्रम पूर्ण केला. विद्युतदाब नीट होता. आखूड केबलने अँटेना तपासताच आकडे पुन्हा ४४ वर आले. गच्चीवरील जोडाची चिकटपट्टी सोडवली, तेव्हा आत हिरवट थर साचलेला होता आणि तांब्याची जाळी वीतभर काळी पडली होती. जाळीतून पाणी वातीतील तेलासारखे पुढे सरकते. काळा पडलेला भाग कापून नवा जोड बसवला, आणि यंत्र पूर्ववत झाले.

जोडावर साधी विद्युतरोधक चिकटपट्टी पुरेशी नसते. आपल्याकडील उन्हाळ्यात तिचा डिंक पाघळतो. ताणून गुंडाळल्यावर एकजीव होणारी रबरी पट्टी खालून वर, कौलांसारखे एकावर एक पदर येतील अशी गुंडाळावी, व तिच्यावर उन्हापासून संरक्षणासाठी साधी पट्टी लावावी. भिंतीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झुकणारे एक वळण द्यावे, म्हणजे पाणी त्या वळणावरून ठिबकून जाईल. वानरांचा वावर असलेल्या ठिकाणी केबल नळीतून न्यावी.

गच्चीवरील शिस्त

या कामात एका बाबतीत तडजोड नाही. आभाळ गडगडत असताना, किंवा लांबवर वीज चमकताना दिसत असतानाही, कोणीही गच्चीवर जाऊ नये व केबलला हात लावू नये. मराठवाडा-विदर्भात मान्सूनपूर्व काळात वीज पडून माणसे व गुरे दगावतात, हे आपल्या गावांना नव्याने सांगण्याची गरज नाही. अँटेना इमारतीवरील सर्वांत उंच वस्तू असू नये. तो तडितरक्षकाच्या छत्राखाली यावा. केबल इमारतीत शिरते तेथे वीजरक्षक बसवून तो अर्थिंगला जोडावा. विद्यार्थ्यांनी शिक्षकांसोबतच वर जावे आणि कठड्यावर चढू नये. एखाद्या दिवसाची नोंद राहिली तर राहू द्यावी.

निवाडा लिहून ठेवावा

निसर्गाचा आवाज आणि माणसाचा गोंगाट वेगळे काढण्याची ही धडपड नवी नाही. मुंबईतील ट्रामगाड्या विजेवर चालवण्याचे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील भूचुंबकीय नोंदी त्यामुळे दूषित होणार हे उघड होते. म्हणून अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, आणि त्यांची तुलना करून मगच कुलाब्याची परंपरा अलिबागकडे सोपवण्यात आली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासूनची ती नोंदमाला आजही अखंड मानली जाते. आमच्या गच्चीवर दुसऱ्या अँटेनाची तपासणी आणि ‘गगन’ची साक्ष हे काम लहान प्रमाणात करतात.

म्हणून आमच्या नोंदवहीत आता ‘संकेत नाही’ या शेऱ्यापुढे आणखी तीन रकाने आहेत: कोणाचा, केव्हापासून, आणि तपासणीत काय आढळले. तिसरा रकाना भरल्याशिवाय त्या दिवसाचा आकडा आयनांबराच्या आलेखात घेतला जात नाही. कारण न सापडल्यास ‘कारण अनिश्चित’ असे लिहिण्याची विद्यार्थ्यांना पूर्ण मुभा आहे. तर्काने रकाना भरण्याची नाही. खेड्यापाड्यांतून आलेल्या, घरात पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेल्या मुलामुलींच्या हस्ताक्षरातील ही वही पुढे कोणी अभ्यासकाने मागितली, तर तिच्यातील प्रत्येक ओळीसाठी त्यांना उत्तर देता आले पाहिजे. पुढील वर्षी ही वही नव्या तुकडीच्या हाती जाईल. तिच्यासोबत एक मल्टिमीटर, हातभर केबल आणि रबरी पट्टीचे वेटोळे एवढे साहित्य आम्ही देत आहोत.